खोली कुटुंबासाठी राखीव

तुळसाबाई आणि गोविंदशेठ खानावळीत जेवायला गेले की आमटी झणझणीत मिळे, पण जागेसाठी मागे उभी माणसं 'आटपा' म्हणत. आज मात्र समोरासमोर निवांत जेवायचंच, असं तुळसाबाईंनी ठरवलं होतं.

नव्या खानावळीत आतली खोली रिकामी होती. मालक गुरगुरले, "पाटी वाचा. खोली कुटुंबासाठी आहे, दोघांसाठी नाही."

गोविंदशेठांनी बायकोकडे बोट दाखवलं. "हे काय माझं कुटुंब."

"मग कुटुंब आत बसेल. तुम्ही बाहेर बसा."

तुळसाबाई खुशाल आत जाऊन बसल्या. "चालेल. पण मग वाढपीही आत नको. वाढायला तुमचं कुटुंब पाठवा."

स्वयंपाकघरातून मालकीणबाई म्हणाल्या, "येते की. तोवर भाकऱ्या तुम्ही थापा, अहो."

मालकांनी गोविंदशेठांची खुर्ची आत नेली.