वाफ्यातलं पिवळं फूल

एका डोंगरगावात एक घर होतं आणि त्या घरापुढे आयरिसचा एक वाफा होता. पुढे की मागे, हे आता मला नक्की सांगता येत नाही. माझी मावशी ही गोष्ट सांगायची तेव्हा तो पुढे असायचा. मी मुलांना सांगू लागलो तेव्हा कधीतरी तो मागे गेला. गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं. चुकलं असेल तर वाफ्याच्या जागेत चुकलं असेल, बायकांच्या बोलण्यात नाही.

आयरिसची पानं तलवारीच्या पात्यासारखी उभी असतात. फुलाच्या तीन पाकळ्या वर उठलेल्या, तीन खाली झुकलेल्या. मुळाशी आल्याच्या कंदासारखा एक गड्डा असतो. तो जमिनीत अर्धा आत आणि अर्धा बाहेर, पाठ उन्हाला देऊन पडलेला असतो. त्याला बाजूनं पिल्लं फुटतात, आणि वाफा आपोआप भरत जातो.

त्या गावांमध्ये एक रीत होती. लेक सासरी निघाली की आई आपल्या वाफ्यातला एक गड्डा फडक्यात बांधून तिच्या हातात देई. लेक तो सासरच्या वाफ्यात लावी. वसंतात त्याला फूल आलं की तो दांडा कापायचा आणि घेऊन माहेरी जायचं. वर्षातून तेवढी एकदाच माहेरची वाट. फुलाशिवाय जायचं नाही.

त्या घरात धाकटी सून आली तेव्हा तिच्या फडक्यात पिवळ्या फुलाचा गड्डा होता. घरचा वाफा सगळा जांभळा होता. तिनं एका कोपऱ्यात आपला गड्डा लावला. पहिल्या वसंतात जांभळ्याच्या कडेला एक पिवळं फूल उभं राहिलं. ते घेऊन ती माहेरी गेली. आईनं ते दारात उभ्या उभ्याच हुंगलं आणि म्हणाली, "लिंबाच्या सालीसारखा वास. आपलंच आहे."

दुसऱ्या वसंतात फूल आलं, पण लहान. तिसऱ्या वसंतात आलंच नाही. तो कोपराही जांभळा झाला.

धाकटी घाबरली. तिला वाटलं, गड्डे उघडे पडलेत, त्यांना थंडी बाधली असेल. तिनं त्यांच्यावर माती चढवली, शेणखत घातलं, रोज पाणी घातलं. पुढच्या वसंतात पिवळं नाहीच, जांभळंही कमी आलं.

सासू मात्र खुशीत होती. तिनं शेजारणींना बोलावून तो कोपरा दाखवला.

"बघा गं, धाकटीचं फूल आमच्या रंगाचं झालं. मनापासून नांदली की असंच होतं. आमच्या घरात कुठल्याच सुनेचं फूल वेगळं राहिलेलं नाही."

शेजारणींनी कौतुक केलं. एकीनं तर आपल्या सुनेकडे बघून म्हटलं, "आमच्या बाईसाहेबांचं अजून लालच येतंय. अंगाला सासर लागेल तेव्हा खरं."

धाकटी हसली, कारण सगळ्या हसत होत्या. पण तिला काही कळेना. फूल खरंच बदललं असेल तर आपणही बदललो का? आणि बदललो असलो तर आपल्याला ते जाणवलं कसं नाही? आईची आठवण तर तेवढीच येत होती. मग फूल कशावरून बदललं?

गावोगाव बांगड्या भरत फिरणारी एक कासारीण होती. तिच्याकडून माहेरचे निरोप येत. ती धाकटीचा हात चेपत म्हणाली, "आई विचारते, पिवळं उमललं का. डोळे अधू झालेत तिचे. तुला बघायचं म्हणतेय. सैल सोड गं हात, बांगडी फुटेल, आणि मग म्हणशील कासारणीनं मुद्दाम फोडली."

"काकी, फूलच नाही. काय घेऊन जाऊ?"

सासूनं ते ऐकलं. ती वाईट बाई नव्हती. तिनं वाफ्यातलं सगळ्यात मोठं जांभळं फूल कापलं आणि धाकटीच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा. तुझंच आहे हे. रंगाला काय करायचंय?"

धाकटी ते घेऊन गेली. आई ओट्यावर बसली होती. तिनं हात पुढे केले आणि फूल नाकाशी नेलं.

"द्राक्षांसारखा वास येतोय," ती म्हणाली.

"बदललं ते, आई. सासरी गेल्यावर बदलतं, असं म्हणतात तिकडे."

"असेल बाई. तू म्हणतेस तर असेल." आईनं फूल मांडीवर ठेवलं. "खणून पाहिलंस?"

"खणत नाहीत आमच्याकडे. वाफा खणला की घराची वाटणी होते, असं मानतात."

"मग आत काय आहे ते कळतं कसं?"

आईनं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, जणू तीच आहे ना याची खात्री करून घ्यायची होती. जाताना धाकटीनं विचारलं, "आई, मी बदलले का गं?" आई म्हणाली, "मला नीट दिसत नाही आता. तूच सांग."

परत आल्यावर ती दोन दिवस वाफ्याभोवतीच घुटमळत होती. मग सकाळी चुलीपाशी सासूला म्हणाली, "आत्याबाई, मला वाफा खणायचाय."

सासूच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

"माझ्या सासूनं खणला नाही. तिच्या सासूनं खणला नाही. तुला घर वेगळं करायचंय का?"

"मला माझा गड्डा आहे की नाही, एवढंच बघायचंय."

"आणि नसला तर?"

"तर पुन्हा पिवळ्याचं नाव काढणार नाही. आणि जांभळं घेऊन आईकडे जाणारही नाही. तिला खोटं हुंगायला लावलं मी. एकदा झालं तेवढं बास."

म्हणजे नसला तर माहेर संपलं. ते सासूलाही कळलं. तेवढ्यात शेजारी पीठ मळत बसलेली थोरली जाऊ उठली, कोनाड्यातलं खुरपं घेतलं आणि पदर खोचला.

"थोरले, तू कुठे निघालीस?"

"वाफ्यात," थोरली म्हणाली. "माझं पांढरं होतं."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. तिला इतकी वर्षं वाटत होतं, थोरली जांभळंच घेऊन आली होती.

"अक्का, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? सगळ्या कौतुक करत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं. कौतुकापुढे काय बोलायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही."

इथे माझा थोडा गोंधळ होतो. सासूनं परवानगी दिली की नुसतंच अडवलं नाही? मावशी म्हणायची, सासू आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. मी ते तसंच ठेवतो.

दोघींनी वाफा खणला. आत जे होतं ते बघून त्या आणखीच गोंधळल्या. गड्ड्यावर गड्डा चढला होता. एकाची मुळं दुसऱ्याच्या पोटाखाली गेली होती. मधले जुने गड्डे पोकळ झाले होते. आणि धाकटीनं जिथे माती आणि पाणी घातलं होतं, तिथले कित्येक गड्डे कुजून मऊ झाले होते. हात लावला की बोट आत जाई आणि घाण वास येई. पिवळ्याचा, पांढऱ्याचा, जांभळ्याचा असा वेगळा गड्डा नव्हताच. सगळे सारखेच तपकिरी, सारखेच मातीनं माखलेले.

सासू दार उघडून बाहेर आली होती. ती म्हणाली, "आता सांग, यात तुझा कुठला?"

धाकटी कुजलेला एक गड्डा हातात धरून बसली होती. "कदाचित हाच असेल, आत्याबाई. मीच मायेनं मारला असेल."

"टाक तो," थोरली म्हणाली. "आणि बाकीचे वेगळे कर. कुठला कुणाचा ते आपल्याला नाही ना कळत, मग सगळ्यांनाच सारखी जागा देऊ."

त्यांनी कुजलेलं फेकलं, पानं निम्मी छाटली, एकेक पिल्लू मोडून वेगळं केलं आणि हातभर अंतरानं, पाठी उन्हाला उघड्या ठेवून लावलं. जे गड्डे वाफ्यात मावेनात ते दाराशी आलेल्या कासारणीच्या टोपलीत घातले. ती म्हणाली, "बांगड्या विकायला निघाले आणि आता आलं घेऊन फिरू होय?" पण नेले तिनं.

पुढच्या वसंतात त्या वाफ्यात एकही फूल आलं नाही.

मुलं इथे नेहमी थांबवतात आणि म्हणतात, मग खणायचं नव्हतंच ना. मलाही दर वेळी क्षणभर तसंच वाटतं. गावालाही तसंच वाटलं. येताजाता बायका त्या उघड्या वाफ्याकडे बघत आणि मान हलवत. घर काही वेगळं झालं नव्हतं, पण सासूचं बोलणं बंद झालं होतं. जेवायला वाढलं तर जेवे, विचारलं तर हूं म्हणे. धाकटीनं त्या वर्षी माहेरी निरोपही पाठवला नाही. पाठवायला काही नव्हतं. तिला रोज वाटे, उपटलं ते पुन्हा एकत्र लावून टाकावं, माती चढवावी, पाणी घालावं, काहीतरी करावं. थोरली तिचा हात धरी. "आता काही करू नकोस. हेच अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण करू नकोस."

आणखी एक वर्ष गेलं. वाफा रुंद झाला, पानं जाड झाली. मग एके सकाळी दांडे वर आले.

कळी उमलायच्या आधी तिच्या टोकाला रंग दिसतो. धाकटी रोज वाकून बघे. जांभळी, जांभळी, जांभळी. मग एक पांढरी. थोरली तिच्याजवळ खाली मातीतच बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही. आणि त्यापलीकडे, धाकटीनं लावलं होतं त्या कोपऱ्यात नाहीच, भलत्याच ठिकाणी, दोन पिवळ्या कळ्या.

"आत्याबाई, बघा," धाकटीनं हाक मारली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. तिला खरंच कुणाला तरी दाखवायचं होतं.

सासू आली. पिवळ्याकडे तिनं पाहिलं, पांढऱ्याकडे पाहिलं. मग तिची नजर पुढे गेली आणि तिथेच थांबली. भिंतीच्या कडेला, पानांआड एक फूल उमललं होतं. तांब्याच्या रंगाचं, कडेला काळपट. तसलं फूल त्या घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

"हे कुणाचं?" थोरलीनं विचारलं. "माझं नाही."

"माझंही नाही," धाकटी म्हणाली.

सासू वाकली. गुडघे दुखत होते तरी वाकली आणि फुलाला नाक लावलं. ती उठली तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा गोंधळलेला होता.

"मला वाटायचं, जांभळं माझं," ती म्हणाली. "मी आले तेव्हा सासूनं सांगितलं, तुझं आमच्या रंगाचं झालं. मी खूश झाले. मग तेच खरं वाटायला लागलं. माहेरी आमच्या दारात हे असायचं गं. आई तव्यावर लवंग भाजायची तसा वास."

मग जांभळं कुणाचं होतं? ते कुणालाच सांगता आलं नाही. कुठल्या तरी जुन्या सुनेचं असेल. ते जोमानं वाढणारं होतं, एवढंच.

कळ्या उमलल्यावर तिघी आपापला दांडा घेऊन निघाल्या. धाकटीची आई अजून होती. तिनं फूल हुंगलं आणि लेकीला जवळ बसवून घेतलं. थोरलीच्या भावानं पांढरं फूल देवापुढे ठेवलं. सासूच्या माहेरी आता ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. घरात दुसरीच माणसं राहत होती. तिनं तो दांडा त्यांच्या दारात टेकवून ठेवला आणि ती वळणार, तोच आतून एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, हे आमच्याच वाफ्यातलं तोडलंत का?" सासूनं आत डोकावून पाहिलं. अंगणभर तांब्याच्या रंगाची फुलं उभी होती.

"हो," ती म्हणाली. "इथलंच आहे."

तात्पर्य: दिसेनासं झालेलं माणूस आपल्यासारखं झालं, असं समजून कौतुक करू नये, त्याला जागा द्यावी आणि थोडी वाट बघावी.

तात्पर्य बरोबर आहे की नाही, मला खात्री नाही. मावशीनं सांगितलेलं वेगळंही असेल. तिच्या स्वतःच्या गड्ड्याचा रंग कुठला होता, हेही विचारायचं राहून गेलं. पण पुढे कितीतरी वर्षांनी मी घरापुढे पिवळा आणि जांभळा गड्डा शेजारी शेजारी लावला. पिवळा नाहीसा झाला तेव्हा खणलं, वेगळं केलं आणि वाट बघितली. आयरिसच्या गड्ड्याचा रंग बदलत नाही. तो दाटीत दबून राहतो, आणि जागा मिळाली की ज्या रंगाचा असतो त्याच रंगाचा उमलतो.