सत्काराखालचा वरण-भात

आबासाहेब निकमांच्या मंगल कार्यालयाची वेबसाइट उघडली की आधी त्यांच्या सत्काराचे सत्तेचाळीस फोटो यायचे. मोकळ्या तारखा आणि फोन नंबर पार तळाशी. लोक कंटाळून दुसरं कार्यालय गाठायचे. वेबसाइट सांभाळणाऱ्या शर्वाणीने हे सांगितलं, तर आबासाहेब गुरगुरले, "ज्याला गरज आहे तो शोधेल!"

दुपारी ते जेवायला बसले, तर वाढलेल्या ताटावर त्याच फोटोंचा ढीग. एकेक बाजूला करताना नवव्या फोटोला ते कडाडले, "शर्वाणी, पोटात कावळे ओरडताहेत! माझा वरण-भात कुठाय?"

"तळाशी आहे, आबासाहेब," शर्वाणी म्हणाली. "गरज आहे ना? मग शोधा की!"

हल्ली वेबसाइट उघडताच तारखा दिसतात. सत्कार शेवटी येतात, जेवणानंतरच्या विड्यासारखे.