एक्केचाळीस निरोप

“...म्हणजे तिथेही नाही आणि इथेही नाही, असंच ना?” बुवांनी विचारलं.

तन्मय कुलथेने फोल्डर पुन्हा एकदा उघडून पाहिलं. सकाळचे साडेआठ झाले होते. करंजखिंडीतल्या मठात, बुवांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे तो तासभर बसून होता.

तिथे म्हणजे सर्व्हरवर. दूर कुठल्यातरी शहरात भाड्याने घेतलेल्या मशिनवर, जिथून मठाची वेबसाइट जगाला दिसते. इथे म्हणजे मठातला हा जुना कॉम्प्युटर. फाइल एक तर इथे असते, नाहीतर तिथे. दोन्हीकडे नसली की ती कुठेच नसते. एवढं कळायला पुण्यात दहा वर्षं वेबसाइटी सांभाळायची नोकरी करावी लागत नाही. तन्मयने केली होती.

“नाही,” तो अखेर म्हणाला. “कुठेच नाही.”

बुवा खाली बसले.

भानुदासबुवांचं अर्धं आयुष्य टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेलं. बायको गेल्यावर ते खिंडीत येऊन राहिले. मठ कसला, तीन खोल्या आणि एक पार. पण या मठाची एक जुनी रीत होती. दुखण्यातून उठणार नाही असं ज्याला कळून चुकलं, त्याने मागच्यांसाठी निरोप ठेवायचा. पूर्वी तो वहीत उतरवून घेत. बुवा आवाजात घेऊ लागले. बोलावणं आलं की मोबाइल घेऊन पाड्यावर नाहीतर दवाखान्यात जायचं, आजाऱ्याच्या उशाशी फोन ठेवायचा आणि आपण बाहेर जाऊन बसायचं. आत काय बोललं गेलं ते बुवांनी कधी ऐकलं नाही.

फोन जुना, त्यात जागा थोडी. म्हणून निरोप तिथल्या तिथे सर्व्हरवर चढवायचा आणि फोनमधून काढून टाकायचा. घरच्यांनी तो साइटवर ऐकावा, नाहीतर मठात येऊन. आपल्या फोनमध्ये घ्यायची सोय बुवांनी मुद्दाम ठेवली नव्हती. माणसाचं शेवटचं बोलणं फॉरवर्ड होत गावभर फिरू नये, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे निरोपाची प्रत एकच, तिथली; म्हणून त्यांचा एक नेम होता. दर शनिवारी, दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी, ते तिथलं सगळं इथे उतरवून घेत. मगच इथलं काही नवं असेल तर तिथे चढवत. आधी उतरवायचं, मग चढवायचं. खिंडीतल्या नेटचा आनंदच होता, तीन तीन तास लागत. बुवा तोवर शेंगा सोलत बसत.

सव्वा वर्षापूर्वी तन्मय मठात आला तो नोकरीला विटून, शांतता शोधत. शांतता राहिली बाजूला, त्याची नजर गेली बुवांच्या फोल्डरांवर. एकाचं नाव ‘नवीन’, दुसऱ्याचं ‘नवीन दोन’, तिसऱ्याचं ‘खरं नवीन’. त्याला हसू आवरेना. आता तुम्ही याला हात लावू नका, मी बघतो, असं त्याने बुवांना सांगून टाकलं. बुवांनी लावला नाही. शनिवारचा नेम बंद पडला.

निरोप फोनवरून थेट सर्व्हरवर जातात, हे बुवांनी त्याला दोनदा सांगितलं होतं. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली आणि एकदाही ऐकलं नाही. हुशार माणसाला ऐकून घ्यायचा भारी कंटाळा.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने साइटची सगळी पानं नव्याने लावली. फाइली पाठवायच्या प्रोग्राममध्ये एक चौकोन असतो. जे इथे नाही ते तिथूनही काढून टाकायचं का, असं तो विचारतो. तन्मयने बेलाशक खूण केली. इथे नाही ते कचराच असणार, दुसरं काय. पाच मिनिटांत दोन्ही बाजू तंतोतंत एक झाल्या आणि जेवताना त्याने बुवांपुढे शेखी मिरवली की आता एका फाइलचाही फरक उरलेला नाही.

“खरी बाजू कुठली, ते कुणी ठरवलं?” बुवांनी तेव्हा विचारलं होतं.

म्हाताऱ्या माणसाला काय समजावणार, म्हणून तन्मयने ताक मागून घेतलं.

मधे एका बाईंचा फोन येऊन गेला. सासऱ्यांचा निरोप लागत नाही म्हणत होत्या. तन्मयने त्यांना स्वतःचं नेट तपासायला सांगितलं. आज मात्र तुळशीराम भोये येणार होता, त्याच्या मुलीचा निरोप ऐकायला. म्हणून सकाळी तन्मयने तिचं नाव सहज दाबून पाहिलं. काहीच लागलं नाही. त्याने प्रोग्रामची नोंद उघडली. काढून टाकले, काढून टाकले, काढून टाकले... अशा एक्केचाळीस ओळी. तो आल्यापासून बुवांनी घेतलेला एकूण एक निरोप.

सर्व्हरवाल्या कंपनीत फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. जुनी प्रत आम्ही सातच दिवस ठेवतो, सर. आता तीन आठवडे झाले.

नावांची यादी तेवढी शाबूत होती, कारण ती पानात लिहिलेली होती. वनिता तुळशीराम भोये, वय बावीस. एक मिनिट बारा सेकंद.

“तुम्हाला काही आठवतं का, ती काय बोलली?” तन्मयने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

“मी बाहेर होतो.”

“कंपनीकडून गेलं, असं सांगू या का त्यांना?”

“सांग की,” बुवा म्हणाले. “तुळशीराम विश्वास ठेवील. तू शिकलेला माणूस.”

तन्मयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुवा रागावले असते तर बरं, असं त्याला वाटलं. पण ते उठले आणि पाहुण्यासाठी चहाचं आधण ठेवायला गेले.

दहाच्या एसटीने तुळशीराम आला. अंगात इस्त्रीचा सदरा, केस तेल लावून बसवलेले. लग्नाला निघावं तसा तयार होऊन आला होता. आल्या आल्या तो बुवांच्या पाया पडला, तन्मयलाही हात जोडले. वर्षभर हिंमत झाली नाही म्हणाला. दोनदा खिंडीपर्यंत येऊन परत गेला होता. वर्ष झालं की जायचंच, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं.

चहा तसाच राहिला. तुळशीराम कॉम्प्युटरकडे बघत होता.

“काका,” तन्मय म्हणाला, “वनिताचा निरोप गेला.”

“कुठं गेला?”

“मी पुसला. चुकून... माझ्या हातून.”

तुळशीरामने बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान खाली घातली नाही आणि तन्मयची बाजूही घेतली नाही.

“परत येत नाही?”

“नाही.”

पारावर कोंबड्या उकरत होत्या, त्यांचाच काय तो आवाज. या माणसाने उठून दोन थोबाडीत द्याव्यात, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटत होतं. तुळशीराम हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बसून राहिला.

मग तो हळूहळू बोलायला लागला, बुवांशीच. पोरगी नाशिकला नर्सिंगला होती. दुसऱ्या वर्षाला त्याने तिला घरी बोलावून घेतलं. भाताची लावणी होती, हाताशी माणूस नव्हतं. चार दिवसांसाठी ये म्हणाला, आणि ठेवून घेतली. पुढे दुखणं निघालं ते निघालंच. दवाखान्यात ती त्याच्याशी धड बोलली नाही. त्याने काही विचारलं तर भिंतीकडे बघायची. मग बुवा फोन घेऊन आले तेव्हा म्हणाली, बाबांना बाहेर घेऊन जा.

“मला एवढंच ऐकायचं होतं,” तुळशीराम म्हणाला, “पोर राग धरून गेली का.”

...

“किती बोलली होती?” त्यानेच मग विचारलं.

“एक मिनिट बारा सेकंद,” तन्मय म्हणाला.

“म्हंजे किती?”

तन्मयला सांगता येईना. आयुष्यभर त्याने सेकंदांचेच हिशेब केले होते.

बुवांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि तुळशीरामच्या तळहातावर ठेवलं. बारीक काटा कुठला ते बोटाने दाखवलं. तो एकदा पुरता फिरून येतो आणि पुढे आणखी हे इथवर जातो, तेवढा वेळ ती बोलत होती, असं त्याला सांगितलं.

तुळशीराम काट्याकडे बघत राहिला. तिघेही बसून होते. काटा फिरून वर आला, तिथून पुढे सरकला. एक मिनिट एवढं लांब असतं हे तन्मयला कधी जाणवलं नव्हतं. त्यात कितीतरी बोलता येतं. शिव्या देता येतात, माफ करता येतं, लहानपणचं काहीतरी आठवून हसता येतं. आणि यातलं काय झालं ते आता कुणालाही कळणार नव्हतं.

“लय बोलली,” तुळशीराम म्हणाला. “घरात नुसतं हो-नाय करायची.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याने पुसलं नाही, कारण हातात घड्याळ होतं.

तन्मयला राहवेना. त्याला एकाएकी सुचलं की हे सगळं एका वाक्यात सावरता येईल. एक वाक्य, कुणाचं काही बिघडत नाही. आपणच ऐकलं होतं म्हणायचं.

“काका,” तो पुढे सरकून म्हणाला, “पुसण्याआधी मी तो निरोप...”

“तन्मय.”

बुवा एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. तुळशीराम दोघांकडे आळीपाळीने बघत होता. पुढे काहीतरी येईल म्हणून तो थांबला होता. पुढे काही आलं नाही.

“काय, भाऊ?” त्याने विचारलं.

“काही नाही,” तन्मय म्हणाला. “मी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता.”

तुळशीरामने घड्याळ बुवांना परत दिलं. बायकोला काय सांगायचं ते वाटेत बघतो म्हणाला. चहा घेतल्याशिवाय जाऊ नको, असा बुवांनी आग्रह केला, तेव्हा त्याने निवलेला चहा उभ्याने संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला. बुवा त्याच्याबरोबर एसटीपर्यंत चालत गेले.

ते परत आले तेव्हा तन्मय होता तिथेच बसलेला होता.

“मला का अडवलंत?” त्याने विचारलं. त्याला रडू फुटत होतं आणि रागही येत होता. “माझ्यासाठी नव्हतो बोलत. माणूस सुखाने घरी गेला असता.”

“तिथलं काय होतं ते न बघता आपल्याकडचं चढवायचं,” बुवा म्हणाले, “ही तुझी खोड अजून गेली नाही.”

...

तन्मय रडला. मोठा माणूस रडताना बघवत नाही, म्हणून बुवा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर ऊन कडक झालं होतं. एसटी गेल्याचा धुरळा अजून खिंडीत होता.

बऱ्याच वेळाने तन्मयने डोळे पुसले आणि स्क्रीन चालू केला. आज संध्याकाळी निघतो म्हणाला, इथे तोंड दाखवायची लाज वाटते. तो यादी खाली खाली सरकवत राहिला. एकेक नाव, त्यापुढे वय, त्यापुढे मिनिटं. कुणाचं अर्धं मिनिट, कुणाची चार. यातल्या कितीकांच्या घरच्यांना अजून पत्ताच नव्हता.

“जाण्याआधी ही नावं तरी काढून टाकतो,” तो म्हणाला. “लोक बिचारे दाबत बसतील आणि काहीच लागणार नाही.”

बुवा खिडकीतून वळले.

“नावं राहू दे,” ते म्हणाले. “प्रत्येक नावापुढे तुझा फोन नंबर टाक.”