चांदवीचा विसावा

चांदवी उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. एरवी एका उडीत आत येणारी कुत्री. त्या सकाळी तिने आधी एक पाय आत ठेवला, जरा विचार केला, मग दुसरा ठेवला. समोर दूधभात होता, तरी तिला घाई नव्हती. झालं ते एवढंच, पण कुंदिकेच्या मनात ते खड्यासारखं रुतलं.

पूर्वी शाल्मली नगरीत इंद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना घडलेली ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व राजाच्या हत्ती-घोड्यांचे वैद्य होते. राजाची शिकारी कुत्री सोमिल नावाचा श्वानपाल सांभाळी, आणि कुंदिका ही त्याची नवी सून. मोठी गुणाची पोर, पण भित्री. भांड्याला भांडं लागलं तरी दचकायची. मग दचकल्याबद्दल स्वतःवरच चिडायची, आणि कुणी हसलं की पुन्हा दचकायची.

चांदवी राजाची लाडकी. कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका, आणि नाक असं की तीन दिवसांपूर्वीचा माग काढावा. तिची पिल्लं राजा मित्रराजांना भेट म्हणून पाठवी. आता ती आठ वर्षांची होती आणि पाच वेळा व्याली होती. मागच्या खेपेला ती दीड दिवस अडली. सहांतली दोनच पिल्लं जगली. तिच्या अंगावरचे केससुद्धा अजून पुरते भरून आले नव्हते. आणि येत्या पौर्णिमेला शेजारचा राजा मेघवर्ण आपला कुत्रा पाठवणार होता. त्याला चांदवीच्या सहाव्या वेतातलं पिल्लू हवं होतं.

कुंदिका धीर करून सासऱ्याकडे गेली.

"मामंजी, या खेपेला चांदवीला राहू द्या ना. मला भीती वाटते."

सोमिल हसला. "तुला पालीची भीती वाटते, सावलीची वाटते. तुझ्या भीतीवर राज्य चालवायचं तर महाराजांना सिंहासनाखाली बसावं लागेल!"

"पण मामंजी, ती उंबरा चढताना विचार करते."

सोमिलचं हसू तिथेच विरलं. तो खाली बसला.

"बघितलंय गं मीही," तो म्हणाला. "पण कोठाराची रीत तुला ठाऊक नाही. जी कुत्री पिल्लं देत नाही तिचा भात बंद, आणि तिची रवानगी वेशीबाहेर. म्हणून तर दर वर्षी मीच कोठाऱ्याला सांगतो, चांदवी ठणठणीत आहे. मी तिला वाचवतोय, पोरी."

कुंदिकेने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. वेशीबाहेर कोल्हे, आणि आत हे बाळंतपण. मामंजी जीव लावून, अगदी गोंजारत, तिला एका मरणापासून दुसऱ्या मरणाकडे नेत होते.

ती तडक गजशाळेत गेली. बोधिसत्त्व एका हत्तीच्या पायाला तेल चोळत बसले होते. कुंदिका खांबामागे उभी राहून शब्द जुळवत होती, तेवढ्यात हत्ती शिंकला. ती किंचाळली.

"घाबरू नकोस, शिंकलाय तो," बोधिसत्त्व म्हणाले. "आणि बघ, तुझ्या आवाजाने तोही दचकला. फिट्टंफाट झाली. आता सांग, आजारी कोण आहे?"

"आजारी कुणी नाही," कुंदिका म्हणाली. "म्हणजे, अजून नाही."

बोधिसत्त्वांनी हात पुसले आणि ते लगेच उठले. 'अजून नाही' म्हणत येणारं माणूस त्यांच्या दारी क्वचितच येई. बाकी सगळे उशिराच येत.

सोमिलच्या अंगणात त्यांनी चांदवीचे दात पाहिले, कुशी चाचपल्या, तिच्या छातीला कान लावला. मागच्या वेतानंतर ती किती दिवसांनी पोटभर जेवली, किती दिवसांनी धावली, हे कुंदिकेने न अडखळता सांगितलं.

"हिचं आता पुरे झालं," बोधिसत्त्व म्हणाले. "खरं तर एका वेताआधीच पुरे व्हायला हवं होतं. सोमिल, हिची लेक आहे ना?"

"आहे की. तीन वर्षांची, तगडी."

"मग आता तिची पिल्लं. तीही दर वर्षी नाहीत, मध्ये एक वर्ष मोकळं जाऊ दे. उद्या चांदवीला घेऊन दरबारात या. कुंदिके, तूही ये."

"मी? मी कशाला?"

"कारण आधी तुला दिसलं."

दुसऱ्या दिवशी मेघवर्णाचा दूत आधीच येऊन बसला होता. तो गोड हसून म्हणाला, "वैद्यराज, कुत्री धडधाकट आहे, एवढंच म्हणा. आमचे महाराज तुम्हाला पांढऱ्या बैलांचा रथ देतील."

"मी रथात बसलो तर माझे हत्ती रुसतील," बोधिसत्त्व म्हणाले. मग राजाकडे वळून म्हणाले, "महाराज, चांदवीला पुन्हा पिल्लं होऊ देऊ नयेत."

"पण ती अजून पिल्लं देऊ शकते ना?" राजाने विचारलं.

"कदाचित देईलही. म्हणूनच आज सांगतोय. देऊ शकणार नाही त्या दिवशी सांगायला वैद्य लागत नाही, महाराज. तिचं कलेवरच सांगतं."

चांदवी हळूहळू चालत आली आणि त्याच्या पायाशी अंग टाकून पडली. "ठीक आहे," राजा अखेर म्हणाला. "मेघवर्णाला हिच्या लेकीचं पिल्लू देऊ."

"म्हणजे चांदवीचा भात आजपासून बंद," कोठारी म्हणाला. "उद्या वेशीबाहेर." त्याच्या मनात आकस नव्हता, रीत होती, ती त्याने सांगितली. सवयीने राजाचीही मान हलली. दरबार उठायचा शंख वाजू लागला.

कुंदिकेने बोधिसत्त्वांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "वैद्याने सांगायचं ते मी सांगितलं. घरचं माणूस मात्र तू आहेस."

"महाराज," कुंदिका म्हणाली, पण शब्द तिचा तिलाच ऐकू आला. ती पुन्हा म्हणाली, तर तो शंखात बुडाला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले.

"महाराज!"

छतातले पारवे भर्रकन उडाले. दूताचं पागोटं कानावर आलं.

"चांदवी आमच्या घरी राहील! माझ्या ताटातला अर्धा भात तिचा! पण तिला वेशीबाहेर काढू नका!"

शंख थांबला. राजाने खाली पाहिलं. चांदवी त्याच्या पावलावर हनुवटी टेकून घोरत होती.

"तुझा भात तूच खा, मुली," राजा म्हणाला. "माझ्या वडिलांचा हत्ती दहा वर्षं नुसता ऊस खात उभा आहे, त्याला कुणी वेस दाखवली नाही. हिचा भात कोठारातून येईल, ही जगेल तोवर. हिच्यामागून जी थकेल, तिचाही येईल. ही मात्र तुझ्याच घरी राहू दे. आणि आता जरा हळू बोल. झोपलीय ती."

ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध उपासकांना म्हणाले, "मायेपोटी चुकणारा सोमिल तो आपला माळी भद्दक. कुंदिका ती समोर बसलेली उपासिका पद्मिनी. आताही माझा आवाज चढला तेव्हा ती दचकलीच. चांदवी म्हणजे सगळ्यांच्या आधी जेवायला बसणारी आपली म्हातारी कांचना, आणि तिला तसं बसू द्या. राजा इंद्रकेतू तो आजचा श्रेष्ठी सुदर्शक. आणि तो वैद्य मीच होतो."

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी पाळली ती करुणा. दुसऱ्याचं बळ संपण्याआधीच 'पुरे' म्हणणारी.