शिंपिणीचा सुटलेला टाका

एक होती शिंपीण. इवलासा पक्षी, सुईसारखी चोच.

मंदाकाकूंच्या परसात वांग्याचं रोप होतं. शिंपिणीनं त्याचं एक मोठं पान दुमडलं. चार टाके घातले. झालं घरटं. घरट्यात तीन अंडी.

मग वैशाख आला. ऊन कसं? रणरण रणरण. पान मऊ पडलं. खाली झुकलं.

टच्.

एक टाका सुटला. अंडी घरंगळून काठाशी आली.

शिंपीण दचकली. ती कशालाही दचकायची. पेला पडला, दचकली. कुणी शिंकलं, दचकली. पण अंडी तिची होती. ती म्हणाली,

"पाना पाना, ताठ राहा. घरटं माझं टिकेना."

पान म्हणालं, "मी कसं ताठ राहू? मुळाशी आळं आहे ना, ते ओलं होत नाही."

शिंपीण निघाली. टिव टिव, भुर्र. आळ्यात उतरली. माती तापलेली. चट चट पाय भाजले.

"आळ्या आळ्या, ओलं हो.
पान ताठ राहीना,
घरटं माझं टिकेना."

आळं म्हणालं, "मी कसं ओलं होऊ? पाट पाणी आणत नाही."

पाट म्हणजे मातीतली पाण्याची छोटी वाट. शिंपीण निघाली. टिव टिव, भुर्र.

"पाटा पाटा, पाणी आण.
आळं ओलं होईना,
पान ताठ राहीना,
घरटं माझं टिकेना."

पाट म्हणाला, "मी कुठून आणू? मंदाकाकू मागच्या दारी भांडी घासतात, ते पाणी मी नेतो. आज त्यांनी दारच उघडलं नाही."

शिंपीण निघाली. टिव टिव, भुर्र. खिडकीच्या गजावर बसली. आत काकू, आत दामूकाका. खरकट्या भांड्यांचा हा एवढा ढीग.

"काकू काकू, दार उघडा.
पाट पाणी आणीना,
आळं ओलं होईना,
पान ताठ राहीना,
घरटं माझं टिकेना."

काकू म्हणाल्या, "कशी उघडू बाई? कुंपणावर वानर बसलंय."

काका म्हणाले, एवढंसं वानर, मी बघतो. त्यांनी दार किलकिलं केलं. वानरानं दात दाखवले. काकांनी दार लावलं. म्हणाले, बघितलं.

शिंपीण निघाली. वाटेत पानाकडे पाहिलं. टच्. दुसरा टाका सुटला.

वानर कुंपणावर काकडी खात होतं. कराम कुरूम. केवढं मोठं! शिंपीण दचकली. पण थांबली नाही.

"वानरदादा, वानरदादा, ऊठ.
काकू दार उघडेनात,
पाट पाणी आणीना,
आळं ओलं होईना,
पान ताठ राहीना,
घरटं माझं टिकेना."

वानर म्हणालं, "मी कशाला उठू? बुजगावणं हात हलवत नाही."

शिंपीण निघाली. टिव टिव, भुर्र. भेंडीच्या वाफ्यात बुजगावणं उभं होतं. अंगात दामूकाकांचा जुना सदरा. पोट गच्च फुगलेलं.

"बुजगावण्या बुजगावण्या, हात हलव.
वानर काही उठेना,
काकू दार उघडेनात,
पाट पाणी आणीना,
आळं ओलं होईना,
पान ताठ राहीना,
घरटं माझं टिकेना."

बुजगावणं म्हणालं, "मी कसा हात हलवू? काकूंनी पेंढा ठासून ठासून भरला. म्हणाल्या, जाडजूड दिसलं की वानर घाबरेल. सदरा काखेत उसवला, आणि हात लोंबतोय. शिवणार कोण?"

शिंपीण म्हणाली, "मी शिवीन."

पण दोरा? कुंपणापलीकडे सावरीचं झाड होतं. सावरीच्या बोंडात कापूस असतो. शिंपीण निघाली. टिव टिव, भुर्र.

"सावरी सावरी, कापूस दे.
बुजगावणं हात हलवीना,
वानर काही उठेना,
काकू दार उघडेनात,
पाट पाणी आणीना,
आळं ओलं होईना,
पान ताठ राहीना,
घरटं माझं टिकेना."

सावरी म्हणाली, "मी कसा देऊ? बोंड फुटत नाही. आणखी ऊन हवं."

टच्. तिकडे तिसरा टाका सुटला. राहिला एक.

ऊन! उन्हानंच तर पान सुकवलं होतं. शिंपिणीला उन्हाशी बोलायचंच नव्हतं. पण अंडी तीन होती आणि टाका एक. ती सावरीच्या शेंड्यावर चढली. डोळे मिटले. एका दमात म्हणाली,

"उन्हा उन्हा, बोंड तापव.
सावरी कापूस देईना,
बुजगावणं हात हलवीना,
वानर काही उठेना,
काकू दार उघडेनात,
पाट पाणी आणीना,
आळं ओलं होईना,
पान ताठ राहीना,
घरटं माझं टिकेना."

ऊन म्हणालं, "एवढंच? तापवणं तर माझं कामच."

ऊन तापलं. बोंड फुटलं. फट्ट. शिंपीण दचकली. पण कापूस सोडला नाही.

चोचीनं पिळला, दोरा केला. काखेत शिरली. सुईक सुईक, सुईक सुईक. सदरा शिवला.

वारा आला. बुजगावण्यानं हात हलवला. फडफड फडफड. वानर उठलं. हूप हूप करत ओढ्याकाठच्या उंबरावर गेलं. काकूंनी दार उघडलं. कडी, खट्ट. भांडी घासली. ठण ठण, घासर घासर. पाटानं पाणी आणलं. खळ खळ खळ. आळं ओलं झालं. चुळ चुळ चुळ.

आणि पान?

पान हललं. थोडं उठलं. आणखी थोडं उठलं. शेवटचा टाका ताणला, ताणला... आणि टिकला. पान ताठ उभं राहिलं. अंडी घरंगळत आत गेली. तळाशी, मऊमऊ जागी.

थोडा कापूस उरला होता. शिंपिणीनं सुटलेले टाके परत घातले. एक, दोन, तीन.

संध्याकाळी काका बुजगावण्यापाशी आले. म्हणाले, "अगं, हा सदरा छान शिवलास की."

"मी कुठे शिवला?" काकू म्हणाल्या. काखेत पांढरे टाके. काकू वांगी काढायला वाकल्या. पानावरही पांढरे टाके. आत दोन चिमुकले डोळे.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "शिंकायचं असेल तर घरात जा."

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा पहिला तांब्या कुणाला? शिंपिणीच्या वांग्याला.

चार टाके बसले, दोऱ्याला गाठ. आपली गोष्ट झाली, शिंपीण बघते पिल्लांची वाट.