डुंबरे गुरुजींचे बारा व्हिडिओ

कुसळवाडीत एक भोळे गुरुजी होते. भोळे म्हणजे गावाच्या भाषेत. कागदोपत्री पदवीधर. आडनाव डुंबरे.

नोकरीला तीन वर्षं होत आली होती. सोमवारी तपासणीला साहेब येणार होते. बारा व्हिडिओ दाखवले तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

मुख्याध्यापिका थिटेबाईंनी समजावलं, "सर, पद्धत उलटी आहे. संगणकाच्या पडद्यावर गणित सोडवत बोलायचं. त्याचा व्हिडिओ होतो. मुलं तो घरी बघतील. वर्गात आली की सराव करतील."

"बरं बाई."

पहिला व्हिडिओ चाळीस मिनिटांचा झाला. त्यात हजेरी होती. प्रत्येक नावानंतर गुरुजी थांबले होते. कोणी ओ दिली नाही. त्यांनी एकतीसच्या एकतीस मुलं गैरहजर मांडली.

बाई म्हणाल्या, "अहो, व्हिडिओ करताना मुलं कुठून येणार? समोर कोणी नाही असं धरून चाला!"

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. गुरुजी आले. समोर कोणी नाही असं त्यांनी धरलं. पंखा बंद केला, दिवा बंद केला आणि बाहेरून कुलूप लावून चहाला गेले. मधल्या सुट्टीपर्यंत मुलं दार बडवत होती.

"सर, ती मुलं खरी आहेत!" बाई कडाडल्या. "त्यांचं ऐका. व्हिडिओ कळला नाही तर मागे नेतात ना? तसं मागे जा आणि पुन्हा सांगा."

"बरं बाई."

वर्गात कुंदा उभी राहिली. "गुरुजी, तिसरी पायरी कळली नाही."

गुरुजी उलट्या पावलांनी मागे निघाले. फळा पुसला, दाराबाहेर गेले, व्हरांडा ओलांडला, सायकलवर बसून घरी गेले. मग परत आले. "नमस्कार मुलांनो!"

कुंदा म्हणाली, "गुरुजी, तिसरी पायरी..."

शाळा सुटेपर्यंत चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा कुंदाने हात वर केला नाही. ती पायरी तिची तीच शिकली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सगळं कशाला मागे न्यायचं? व्हिडिओत चुकलेला तेवढाच भाग कापतात की नाही?"

"कापतात."

"मग तेवढंच बघा."

गुरुजींनी वह्या तपासायला घेतल्या आणि कात्री काढली. चुकलेलं प्रत्येक उत्तर काळजीपूर्वक कापलं. मागच्या पानावरची बरोबर उत्तरंही त्यासोबत गेली. वह्यांच्या चाळण्या झाल्या. बाईंनी त्या कपाटात दडवल्या.

सोमवारपर्यंत गुरुजींनी बारा व्हिडिओ पुरे केले. साहेब आले. त्यांनी व्हिडिओ पाहिले नाहीत, मोजले. "बारा. उत्तम!" चहा घेतला, कायम नेमणुकीचा आदेश गुरुजींच्या हातात दिला आणि गाडीत बसले.

बाईंनी हात जोडले. "सर, आता काही करू नका. हा कागद नीट वाचा आणि जपून ठेवा."

"बरं बाई."

गुरुजींनी नीट वाचला. वडिलांचं नाव एकनाथ. साहेबांच्या कारकुनाने सोपान लिहिलं होतं. चूक ती चूक. एक नाव कापलं तर कडा वाकड्या दिसतील म्हणून गुरुजींनी अख्खी ओळ कापली, स्वतःच्या नावासकट. चिटोरा केराच्या टोपलीत टाकला. कागद जपून ठेवला.

त्या आदेशाने कुसळवाडीच्या शाळेत एक भोक कायम झालं. डुंबरे गुरुजी घरी गेले. कुंदा म्हणते, भोक बरं शिकवतं. निदान कुलूप तरी लावत नाही.