दोन खोक्यांचा आवाज

"मास्तर, आवाज जातो कुठं?"

लेस्टर घामाने निथळत होता. गळ्यात बेस गिटार, हातात वायर, तोंड आंबट.

आमच्या बँडचे इनास मास्तर उलट्या टोपलीवर बसून ताडगोळे सोलत होते.

"कुठला आवाज?"

"बेसचा! ॲम्पचा दिवा लागलाय. स्पीकरची दोन्ही खोकी चालू आहेत. मी बोटं फुटेस्तोवर वाजवतोय, आणि पुढं जाऊन उभं राहिलं तर नुसती फडफड. खालचा आवाजच नाही. जातो कुठं तो?"

मास्तरांनी एक ताडगोळा तोंडात सारला. चघळला. गिळला.

"मी नाही घेतला," म्हणाले.

मी मागं बसून ड्रमच्या चाव्या आवळत होतो. मला हसू आलं. लेस्टरने असं बघितलं की मी गपचूप पुन्हा चावी आवळायला लागलो.

वसईच्या कोळीवाड्यामागचं मैदान. मे महिना, ऊन उतरलेलं. सांतान नाखव्याच्या पोरीचं, जसिंताचं लग्न चर्चमध्ये लागलं होतं आणि पाहुणे मैदानात जमत होते. मधोमध फळ्या ठोकून नाचायची जागा केलेली. जुन्या होडीच्या फळ्या. सांतानने स्वतः ठोकल्या होत्या.

का ते सांगतो. सांतानला ऐकू येत नाही. जन्मभर बोटीच्या इंजिनाशेजारी उभा राहिला, इंजिनाने कान खाल्ले. आता त्याच्या मागं फटाका लावा, तो मान वळवणार नाही. पण आमच्यात नवरीचा बाप नवरीला घेऊन पहिला वॉल्ट्झ नाचतो, आणि सांतानला तो नाचायचाच होता.

जसिंता म्हणाली होती, "पप्पा, मी खांद्यावर बोटांनी ठेका देते. त्यावर पाय टाका." बोलून नाही, हाताने करून दाखवलं होतं.

सांतान भडकला. "मी काय मेंढरू आहे? मला हाकत नेणार?"

त्याचं म्हणणं, ठेका पायातून येऊ दे. फळीतून. इंजिनाची तब्येत त्याला अशीच कळायची, डेकवर अनवाणी उभं राहून.

आता तळव्यापर्यंत पोचणारं वाद्य बँडमध्ये एकच. ही जाड तारांची गिटार. माझा मोठा ड्रम म्हणाल तर तो मागं वाळूत, त्याचा धक्का वाळूच पिऊन टाकते. बाकी सगळं आमचं कानासाठी. बेसची खोकी तेवढी फळीवर ठेवलेली.

लेस्टरने सांतानला शब्द दिला होता. "नाखवा, तुमचे दात हलतील." स्वतःचे दात धरून हलवून दाखवले होते, म्हणजे बहिऱ्याला कळावं.

शब्द द्यायला कारणही होतं. हिवाळाभर खपून त्याने स्वतःचं स्पीकरचं खोकं बांधलं होतं. जाड प्लायवूड, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, मागं स्क्रूची पट्टी, स्पीकर नवा कोरा. खोटं कशाला बोलू, खोकं चांगलं होतं. इतकं चांगलं की बघून राग यायचा.

त्याच्या शेजारी मास्तरांचं जुनं खोकं. मास्तरांनी ते बायकोच्या माहेरच्या सागवानी कपाटाच्या फळ्या काढून केलेलं. रोजाबाई त्यावरून अजून टोमणे मारते. स्क्रू एक नाही. खिळे आणि सरस. एकदा ठोकून बंद केलं ते पुन्हा उघडलं नाही.

आजवर तेवढं एकच पुरायचं. पण एवढ्या मैदानाला, एवढ्या फळ्यांना ते कमी पडणार म्हणून आज दोन लावली. ॲम्पच्या पाठीला दोन भोकं, एकेक वायर एकेका खोक्याला.

आणि दोन लावल्यावर एकाइतकंही नाही.

"काय काय केलंस?" मास्तरांनी विचारलं.

"वायर बदलली. फ्यूज बघितला. बेसचं बटण उजवीकडं पार शेवटपर्यंत पिळलं. जनरेटरवाल्याला शिव्या दिल्या."

"शिव्यांनी फरक पडला?"

"नाही."

"मग जाऊन त्याची माफी माग."

"मास्तर, मस्करी नको! मोठा ॲम्प मागवू का? फोन केला तर तासाभरात येईल."

मास्तर ताडगोळ्याचं साल काढत राहिले. पातळ साल. घाई केली की फाटतं आणि पाणी सांडतं.

तेवढ्यात सांतान फळीवर आला. नवा कोट, नवी पँट, पाय अनवाणी. मागं त्याची बायको, नवऱ्याचे नवे बूट हातात धरून.

"घाला ना हो. लोक बघतात," ती म्हणत होती. कुणाला म्हणत होती देव जाणे. त्याला ऐकू जात नव्हतं.

सांतान फळीवर पाय फाकवून उभा राहिला, मान खाली, डेकवर राहायचा तसा. लेस्टरने धावत जाऊन एक सूर छेडला.

सांतान थांबला. वाट बघितली...

बहिरा माणूस बोलतो ते मैदानभर जातं.

"वाजवताय का नुसते हात हलवताय रे?"

पाहुणे हसले. लेस्टर हसला नाही. सांतानही नाही. तो आधी फळीकडं बघत राहिला, मग पोरीकडं. आणि मग बायकोच्या हातातल्या बुटांकडं.

मास्तर उठले.

ॲम्पच्या मागं गेले. दोन चिकट बोटांनी एक वायर उपटली.

"वाजव."

"मास्तर, ती माझ्या खोक्याची आहे!"

"वाजव."

लेस्टरने वाजवलं.

आवाज आला. गोल, जाड, ओळखीचा. ड्रमवर ठेवलेली माझी काठी थरथरली.

एक खोकं बंद केलं, आणि आवाज वाढला. इतकी वर्षं ठोकतोय, असलं काही बघितलं नव्हतं.

लेस्टरचा चेहरा पडला. "म्हणजे... माझं खोकं खराब?"

अख्खा हिवाळा त्याच्या तोंडावर आला.

मास्तरांनी ती वायर परत खोचली. दुसरी उपटली. स्वतःच्या खोक्याची.

"वाजव."

हाही आवाज आला. खरं सांगायचं तर थोडा वरचढच.

"चांगलं बांधलंयस," मास्तर म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता. लेस्टरनेही नसावा. तो वाजवायचा थांबला.

फळीवरून सांतानने हात वर केला. अंगठा आणि बोट, मधे बारीक फट. येतंय, पण एवढंसं. तळव्याला गुदगुल्या. गुदगुल्यांवर वॉल्ट्झ होत नाही.

मास्तरांनी दुसरी वायर खोचली. दोन्ही चालू.

गेला. पुन्हा फडफड.

"हे बरं आहे," मास्तर एका खोक्यावर हात ठेवून म्हणाले. "हेही बरं आहे. मिळून मुके."

"का?"

मास्तर टोपलीवर जाऊन बसले. "माझे हात चिकट आहेत. तू बघ."

लेस्टर उभा राहिला... ओठ हलत होते. मग एकदम वाकला. दोन्ही खोक्यांच्या जाळ्या काढल्या. ॲम्प बंद केला, दोन्ही वायरी उपटल्या. गिटार जुळवायच्या यंत्रातून चौकोनी बॅटरी काढली. हे त्याचं त्याला सुचलं. मास्तरांनी एक अक्षर सांगितलं नाही, मी तिथंच होतो.

आपल्या खोक्याच्या वायरीला बॅटरी टेकवली.

टप. स्पीकरचा काळा पुठ्ठा बाहेर आला.

मास्तरांच्या वायरीला तशीच टेकवली.

टप. आत गेला.

पुन्हा टेकवली. हा बाहेर. तो आत.

"अरे देवा!" लेस्टर ओरडला. "एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय! हा हवा देतो, तो तीच हवा खातो. आवाज कुठं जातच नव्हता, मास्तर. यांच्यातच मरत होता!"

"हं."

"आणि उलटा तुमचा आहे! बाहेर यायला पाहिजे, माझा येतो. तुमचा आत जातो. तुम्ही आत लाल वायर काळीच्या जागी जोडलीय!"

"असेल."

"इतकी वर्षं?"

"एकटाच होता तो," मास्तर म्हणाले. "एकट्याला काय सरळ, काय उलटं."

लेस्टरला आनंद मावेना. इनास मास्तरांची चूक सापडलेला माणूस वसईत दुसरा नसेल. स्क्रूड्रायव्हर घेऊन तो ऐटीत मास्तरांच्या खोक्यामागं गेला.

खिळे. सरस. करवत आणली तरच उघडणार.

"मास्तर, हे उघडत नाही."

"नाही उघडत."

"मग?"

मास्तर नुसते लेस्टरच्या खोक्याकडं बघत राहिले. मागं पट्टी, पट्टीला स्क्रू, आत दोन वायरी, दोन चिमटे. ओढले की सुटतात. पोरगा हुशार, सगळं उघडायची सोय ठेवलेली.

लेस्टरच्या डोक्यात उजेड पडला. "नाही हं. माझं बरोबर आहे."

"आहे."

"मग बरोबर असलेलं मी चुकीचं करू?"

मास्तरांनी पुढचा ताडगोळा उचलला.

"चुकलात तुम्ही, आणि फिरवायचं मी?"

मास्तरांनी हनुवटीने फळीकडं दाखवलं.

"एक बूट गेला पायात," म्हणाले.

लेस्टरने वळून बघितलं. सांतान खुर्चीवर बसला होता. एका पायात बूट, दुसरा पाय अजून उघडा. बायको वाकून दुसरा बूट पुढं करत होती. जसिंता बापाच्या मागं उभी, बोटं त्याच्या खांद्यावर टेकवायच्या तयारीत. आणि एवढा भांडखोर माणूस, खांदा झटकत नव्हता.

लेस्टर गुडघ्यावर बसला.

स्क्रू निघाले. पट्टी निघाली. लाल ओढली, काळी ओढली. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. हाताने हे चाललेलं, तोंडाने दुसरंच काही. ते लिहिण्यासारखं नाही, फादर जवळच उभे होते.

पट्टी लावली. दोन्ही वायरी परत खोचल्या. बेस गळ्यात. ॲम्प चालू.

"बटण मधोमध आण," मास्तर म्हणाले.

"बेस कमी करू?"

"आण."

लेस्टरने बटण मधोमध आणलं. माझ्याकडं बघून मान हलवली. मी काठ्या उचलल्या. एक, दोन, तीन...

त्याने पहिला सूर सोडला.

आई गं.

टेबलावरच्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या. फळीखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं. फादरने चष्मा हाताने धरला. माझं बूड ज्या स्टुलावर होतं ते स्टूल वाळूत असून हललं. आवाज मोठा नव्हता, बरं का. भरलेला होता. भरतीचं पाणी कसं, ओरडत येत नाही, पण होडी उचलते.

सांतान जागच्या जागी ताठ झाला.

उघड्या पायाकडं बघितलं. मग बायकोच्या हातातल्या बुटाकडं, जसं काही हे काय आहे ते त्याला ठाऊक नाही. मग पायातला बूट लाथेने असा उडवला की तो केकच्या टेबलाखाली जाऊन पडला.

"आला!" मैदानभर. "आला रे आला!"

जाळ्यात घोळ मासा लागल्यावर ओरडायचा ना, तसाच.

जसिंताचा हात धरून ओढत तिला फळीवर नेलं. एक हात तिच्या पाठीवर, एक हात तिच्या हातात, छाती पुढं. आणि निघाला. एक दोन तीन, एक दोन तीन. पाय टाकत नव्हता, फळीतून पाय उचलून घेत होता. जसिंता रडत होती, त्यात तिचं एक पाऊल चुकलं.

"ठेका ऐक गो!" सांतान तिच्यावर खेकसला.

सगळं मैदान हसलं. जसिंता रडता रडता हसली. तिने बापाच्या खांद्यावर ठेवलेल्या हाताची बोटं मिटून घेतली आणि तो नेईल तशी जायला लागली.

मग कुणी थांबेना. मामा, मावश्या, नवऱ्याकडचे, नाखवे, त्यांच्या बायका, सगळे फळीवर. फळ्या होडीच्या होत्या म्हणून तरल्या. बूट धरून उभी होती ती सांतानची बायकोही बुटासकट नाचायला लागली. लेस्टर डोळे मिटून वाजवत होता, तोंड इतकं उघडं की आत माशी गेली असती. मीही जरा जोरात ठोकलं. गुडघे दुखतात, पण ठोकलं.

गाणं संपलं. सांतान ओरडला, "पुन्हा!" पुन्हा वाजवलं. पुन्हा ओरडला. पुन्हा.

कधीतरी दम खायला थांबलो. लेस्टर बेस गळ्यात तसाच ठेवून मास्तरांच्या टोपलीशी आला. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, तोंडावर हसू. पण कपाळाला एक आठी. खोक्यांकडं बघत होता, एकदा ह्या, एकदा त्या.

"मास्तर..."

"हं."

"म्हणजे आता दोन्ही उलटे आहेत ना?"

मास्तरांनी एक सोललेला ताडगोळा त्याच्या तळहातावर ठेवला. फळीकडं बघितलं. तिथं सांतान नाखवा कोट काढून, अनवाणी, दोन्ही हात वर करून आमची वाट बघत उभा होता.

"हो," मास्तर म्हणाले. "जा, त्याच्या कानात सांगून ये."